पंचवीस शब्दांत आईला काय लिहाल?

गेल्या अंकात एका वाचकाने लंडनला काढलेला फोटो पाठवून विचारलं होतं, लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनबाहेर सुटकेस घेऊन उभी असलेली ही पुतळ्यातली पोरं कोण. मी दहा ओळींत उत्तर दिलं की १९३८-३९ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया, झेकोस्लोव्हाकिया अशा ठिकाणांहून आईबापांशिवाय इंग्लंडला पाठवलेली ही मुलं, साधारण दहा हजार, बहुतेक ज्यू, आणि या सगळ्या प्रकाराला किंडरट्रान्सपोर्ट म्हणतात. विषय संपला असं मला वाटलं. कुठलं काय! ठाण्या-नवी मुंबईतूनच इतकी पत्रं आणि व्हॉट्सअॅप आले की संपादक म्हणाले, आता अख्खं सदर यावरच होऊ दे. तर यातली पाच निवडलीयेत. आणि मागच्या वेळी एक राहून गेलं ते आधी सांगते, तो पुतळा करणारे फ्रँक मायस्लर स्वतः त्याच मुलांपैकी एक, डान्झिग म्हणजे आजच्या ग्दान्स्कहून आलेले.

ताई, माझा मुलगा सातवीत आहे. शाळेचा येऊरला दोन रात्रींचा कॅम्प होता तर मी टीचरना दोनदा फोन केला, झोपच नाही. त्या आयांनी पाच-सहा वर्षांची पोरं परक्या देशात पाठवलीच कशी? मला तर वाचून रागच आला. — नौपाडा, ठाणे

राग आला ते बरं झालं, निदान खरं लिहिलंत. बाकीच्यांनी नुसतं 'डोळे पाणावले' लिहिलंय.

आता असं बघा. १९३८ च्या नोव्हेंबरात ९ तारखेच्या रात्री आणि १० ला नाझींनी जर्मनी-ऑस्ट्रियात ज्यूंची दुकानं फोडली, सिनेगॉग म्हणजे त्यांची प्रार्थनास्थळं जाळली आणि जवळजवळ तीस हजार पुरुषांना उचलून छळछावण्यांत टाकलं. म्हणजे बऱ्याच घरांत त्या आठवड्यात बाप नव्हताच. पुढच्याच आठवड्यात हुकूम निघाला की ज्यू मुलांनी सरकारी शाळेत यायचं नाही. आता तुमचा सातवीतला मुलगा घ्या, शाळा बंद, बाबा कुठे आहेत माहीत नाही, खाली रस्त्यावर खेळायला गेला तर मार खाऊन येतो, आणि अशात कोणीतरी सांगतं की इंग्लंड मुलांना घेतंय, फक्त मुलांना. २१ नोव्हेंबरला ब्रिटिश पार्लमेंटात यावर चर्चा झाली आणि २ डिसेंबरला बर्लिनहून निघालेली पहिली तुकडी, दोनशेच्या आसपास मुलं, इंग्लंडच्या हारविच बंदरात उतरली सुद्धा. बारा दिवसांत! आपल्याकडे साधा दाखला मिळायला याहून जास्त लागतात.

'फक्त मुलं' हीच त्यातली मेख होती. सतराच्या आतली, एकटी, आणि पुढे दर मुलामागे पन्नास पौंडांची हमी भरलेली, म्हणजे नंतर ही मुलं परत पाठवायची झाली तर सरकारच्या खिशाला चाट नको. आईबापांना व्हिसा हवा तर हमी देणारा नाहीतर नोकरी देणारा शोधा, काही बाया घरकामाच्या परवान्यावर गेल्याही, पण सगळ्यांना कुठलं जमायला. अमेरिकेत १९३९ ला वीस हजार मुलं घेण्याचं बिल आलं होतं ते तर पासच झालं नाही. तेव्हा त्या आईपुढे 'पाठवू की जवळ ठेवू' असा प्रश्न होता असं आपल्याला आज इथे पंख्याखाली बसून वाटतं, तिच्यापुढे 'याला नंबर लागला, याच्या बहिणीला नाही लागला, आता?' असा होता.

आणि कायमचं पाठवतोय असं बहुतेकांना वाटतच नव्हतं हो. सहा महिन्यांत आम्हीपण येतो, हेच मुलांना सांगितलं आणि स्वतःलाही. बॅग भरण्यावरून कळतं ते. एक सुटकेस, मुलाला स्वतःला उचलता येईल एवढी, बरोबर दहा मार्क, दागिने किंवा काही किमती वस्तू चालणार नाहीत, गळ्यात नंबराची चिठ्ठी. त्या एवढ्याशा बॅगेत आया पुढच्या मापाचे कपडे घालत होत्या. आपण जूनमध्ये युनिफॉर्म दोन बोटं मोठा घेतो ना, तसे. आता सहा महिन्यांत येणार असाल तर पुढच्या वर्षीचा कोट कशाला, असं मुलांनी विचारलं असेल का मला माहीत नाही, मी असते तर विचारलं असतं आणि आईने काय उत्तर दिलं असतं देव जाणे.

काही शहरांत तर आईबापांना प्लॅटफॉर्मवरच येऊ दिलं नाही, रडारड लोकांना दिसायला नको म्हणून. निरोप आत वेटिंग रूममध्येच. ब्रेस्लाऊ शहरातल्या एका बापाची गोष्ट आहे, गाडी सुटली, मुलगी खिडकीतून हात धरून होती आणि याच्याने सोडवेचना, चालत्या गाडीच्या खिडकीतून त्याने तिला बाहेर ओढून घेतलं. ती मुलगी पुढे एकामागून एक छावण्यांतून गेली, नशिबाने जगली म्हणून तिनेच हे सांगितलं. आता राग कोणाचा येतो सांगा, पाठवणाऱ्याचा की ओढून घेणाऱ्याचा? मला दोघांचाही येत नाही. प्रागहून १ सप्टेंबर १९३९ ला अडीचशे मुलांची गाडी निघायची होती, त्याच दिवशी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि ती गाडी सुटलीच नाही. त्या आईबापांनीही बॅगा भरल्या होत्याच.

टीचरना दोनदा फोन केलात त्यात गैर काही नाही, मी तिसऱ्यांदा केला असता.

माझ्या आजोबांना सातव्या वर्षी देवगडहून ठाण्याला मामाकडे शिकायला ठेवलं. आईची भेट वर्षातून एकदा, गणपतीत. कोकणातल्या प्रत्येक घरात असा एक माणूस सापडेल. त्यांचे कोणी पुतळे उभारले नाहीत. उगाच बाऊ करता असं नाही वाटत? — कळवा

तुमचं अर्धं मान्य. अर्धं का ते सांगते, कारण मी स्वतः तीन वर्षं आत्याकडे होते शाळेसाठी. आत्या चांगली होती, पण पोळी दुसऱ्यांदा मागायची की नाही हे पोराला तिच्या चेहऱ्याकडे बघून ठरवावं लागतं, ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. तुमच्या आजोबांनीही केलं असेल. त्यांना विचारायला हवं होतं कोणीतरी, आणि ते कोणी विचारलं नाही ही आपली चूक, त्या मुलांची नाही.

पण आजोबांना गणपती होते. म्हणजे तारीख होती. भाद्रपद कधी येतो हे मोजता येतं. या मुलांकडे मोजायला काही नव्हतं, खरा फरक तिथे आहे, सातासमुद्रापार वगैरे नंतर.

सुरुवातीला पत्रं यायची, आठवड्याला सुद्धा. सप्टेंबर १९३९ ला युद्ध पेटलं आणि इंग्लंड-जर्मनी टपाल बंद. मग हॉलंडमध्ये कोणी मावशी असेल तर तिच्यामार्फत, १९४० च्या मे महिन्यात हॉलंडही गेलं. मग उरला रेड क्रॉसचा फॉर्म. त्यावर पंचवीस शब्द, जास्त नाही, फक्त घरगुती मजकूर, युद्धाबद्दल काही नाही. तो जिनिव्हामार्गे जायचा, वाटेत सेन्सॉर, पोचायला कित्येक महिने. उत्तर त्याच कागदाच्या पाठीमागे, तेही पंचवीस शब्द.

मी परवा जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसले, म्हटलं बघू आपल्याला जमतं का. आठ वर्षांची मुलगी होऊन लिहायचं. नातवाने मोजून दिले. हे झालं:

'आई, मी बरी आहे. जेवते. शाळा चांगली. थंडी फार. तू विणलेला स्वेटर आखूड झाला. बाबांचं पत्र नाही. दादा कुठे? उत्तर लवकर दे. खूप वाट बघते.'

पंचवीस बरोब्बर. पहिल्यांदा एकतीस झाले होते, तेव्हा मी स्वेटरचं वाक्य काढून टाकलं, कशाला फालतू. मग परत घातलं आणि दुसरं काहीतरी काढलं, कारण आईला पोरीची उंची कळायला त्या अख्ख्या चिठ्ठीत तेवढी एकच जागा आहे. (मराठीत एक फायदा आहे, 'तुझ्याशिवायसुद्धा' एवढं लांबलचक असून एकच शब्द धरतात. जर्मनमध्येही शब्दाला शब्द जोडत जातात म्हणे, आयांनी केला असेल असा जुगाड.)

आता याला उत्तर येतंय सहा-आठ महिन्यांनी, तोवर स्वेटर टाकूनही दिलेला असतो. आणि मग १९४१-४२ मध्ये एकेकाचं उत्तर यायचं थांबलं. जर्मनीतून पूर्वेकडे माणसं भरून गाड्या जायला लागल्या तो हाच काळ. काही शेवटच्या चिठ्ठ्यांमध्ये फक्त एवढंच आहे की आम्ही प्रवासाला निघतोय, पत्ता बदलेल. दहा वर्षांच्या पोराने यातून काय समजायचं? तो नवीन पत्त्याची वाट बघतो.

अजून एक. लहान होती ती मुलं वर्षा-दोन वर्षांत जर्मन विसरली. शाळेत इंग्रजी, घरात इंग्रजी, आणि रस्त्यावर जर्मन बोललं की लोक वळून बघणार कारण ती शत्रूची भाषा. जपून ठेवलेली आईची पत्रं नंतर दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली अशी कितीतरी मुलं. युद्धानंतर ज्यांचे आईवडील सापडले, असे कमीच, त्यांच्यातही हे झालंय की समोर आई बसलीय आणि दोघींना एक भाषा येत नाही. तुमच्या आजोबांना मालवणी शेवटपर्यंत येत असणार ना? मग.

हाय ताई, मी खारघरला इंजिनिअरिंग करतो. माझा सिंपल प्रश्न आहे, ज्या ब्रिटिश फॅमिलीजनी मुलं घेतली ते सगळे देवमाणूस होते का? रील्समध्ये तसंच दाखवतात. आणि याच मुलांना नंतर शत्रू म्हणून पकडलं असं वाचलं, ते खरं का? — खारघर

दुसऱ्याचं आधी. हो, खरं आहे.

आणि पहिल्याचं, नाही, सगळे नव्हते. काही घरं सोन्यासारखी मिळाली, त्या घरच्या पोरांसारखंच वाढवलं, आयुष्यभर नाती राहिली. पण ज्यांची आधीपासून घरं ठरलेली नव्हती त्या मुलांना सुरुवातीला डोव्हरकोर्ट नावाच्या समुद्रकाठच्या हॉलिडे कॅम्पमध्ये ठेवलं, उन्हाळ्यासाठी बांधलेल्या लाकडी खोल्या आणि हे डिसेंबरात. रविवारी मुलं पसंत करायला लोक यायचे. पोरं जेवायला बसलेली असायची आणि हे टेबलांमधून फिरत बघायचे. गोरी, गोंडस, लहान मुलगी असली की लगेच ठरायचं, चौदा-पंधराचा दांडगा मुलगा कोणाला नको, तो मग होस्टेलला नाहीतर शेतावर. तुझ्याच वयाचे असतील थोडे कमी. मोठ्या मुलींना कुठे कुठे सरळ मोलकरणीसारखं राबवलं. भाऊबहीण वेगवेगळ्या गावांत गेले. ज्यू घरं पुरेशी नव्हती म्हणून बरीच ख्रिश्चन घरांत गेली आणि काहींचा धर्म तिथेच मागे पडला, यावर तेव्हाही भांडणं झाली.

१९४० मध्ये हिटलर फ्रान्सपर्यंत आला तशी इंग्लंडची तंतरली आणि जर्मन-ऑस्ट्रियन पासपोर्टवाल्यांना 'शत्रू राष्ट्राचे नागरिक' म्हणून आत टाकायला सुरुवात झाली. सोळा पूर्ण झालेली ही मुलंही त्यात, हजाराच्या आसपास. हिटलरच्या भीतीने आलेल्या पोरांना हिटलरचा माणूस समजून पकडलं. आयल ऑफ मॅन बेटावर तारेच्या कुंपणात ठेवलं, काहींना कॅनडाला, काहींना डुनेरा नावाच्या बोटीत कोंबून थेट ऑस्ट्रेलियाला पाठवलं. सुटल्यावर यातलेच पुष्कळ ब्रिटिश सैन्यात भरती झाले. डुनेरा हे नाव लक्षात ठेव, खाली परत येणारेय.

रील्समध्ये जो एक म्हातारा दिसतो ते निकोलस विंटन, त्यांनी प्रागहून ६६९ मुलं बाहेर काढली आणि पन्नास वर्षं कोणाला फारसं बोललेही नाहीत, १९८८ ला टीव्हीमुळे जगाला कळलं. मोठा माणूस, वादच नाही. पण ते स्वतःच सांगायचे की प्रागमध्ये राहून जिवावर उदार होऊन काम डोरीन वॉरिनर आणि ट्रेव्हर चॅडविक यांनी केलं. आणि माझी आवडती बाई वेगळीच आहे, हॉलंडच्या ट्रूस वाइसमुलर. व्हिएन्नाला जाऊन आइकमानच्या टेबलासमोर बसल्या, ज्यूंना देशाबाहेर काढायचं काम बघणारा नाझी अधिकारी तो. त्याने थट्टेत म्हटलं असेल, घेऊन जा सहाशे मुलं, येत्या शनिवारी. जमणार नाही याची त्याला खात्री. बाईंनी नेली! यांच्यावर रील कर.

अजून एक जाता जाता. मुलांबरोबर गाडीतून जे मोठे लोक सोबतीला जायचे त्यांना मुलं पोचवून परत जर्मनीत यावं लागायचं, नाहीतर पुढच्या गाड्या बंद. म्हणजे इंग्लंडच्या धक्क्यावर पाय ठेवून, सुरक्षित होऊन, परत. ज्यूच असायचे त्यातले बरेच. देवमाणूस शोधायचे तर इथे शोध.

आम्ही बेने इस्रायल, चार पिढ्या ठाण्यात. आमचे वडील सांगायचे की लढाईच्या वेळी मुंबईत गोरे ज्यू लोक आले होते, त्यांना मराठी यायचं नाही आणि आमचं मराठी ऐकून ते चकित व्हायचे. अशी एकटी मुलं आपल्याकडे आली होती का? — टेंभी नाका, ठाणे

दादा, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. इतर वाचकांसाठी सांगते, बेने इस्रायल म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू, आणि टेंभी नाक्याजवळचं त्यांचं शार हाशामाइम सिनेगॉग १८७९ चं आहे, रोज समोरून बस-रिक्षा जातात आणि निम्म्या ठाणेकरांना पत्ता नसतो. आणि कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली, ते हेच लोक. नवगाव, पेण, रोहा, दिवे अशी गावं आडनावात घेऊन फिरणारे.

वडील बरोबर सांगत होते. मुंबईत १९३४ पासून ज्यूइश रिलीफ असोसिएशन नावाची संस्था या निर्वासितांना मदत करत होती. डॉक्टर, चित्रकार, संगीतकार असे लोक आले. आकाशवाणीची सकाळची धून आहे ना, ती ज्यांची म्हणून ओळखली जाते ते वॉल्टर काउफमान त्यातलेच. पण मोठे लोक किंवा कुटुंबं, किंडरट्रान्सपोर्टसारख्या एकट्या मुलांच्या गाड्या इकडे नाही आल्या. आणि इथेही तेच झालं जे वर खारघरच्या मुलाला लिहिलंय, सप्टेंबर १९३९ ला जर्मन कागदपत्रं असलेल्यांना ब्रिटिश सरकारने धरलं, नाझी आणि नाझींपासून पळालेले सगळे एकाच मापाने, अहमदनगरच्या छावणीत. पुढे काही कुटुंबं पुरंदरवर ठेवली होती. आपला पुरंदर किल्ला! आपण पावसाळ्यात ट्रेकला जातो तिथे व्हिएन्नाचे लोक स्थानबद्ध होते.

आता डुनेरा. पोलंडमधून पळून, रशियातून धक्के खात, अनाथ किंवा आईबापांपासून तुटलेली ज्यू मुलं १९४२ मध्ये तेहरानला पोचली होती. त्यांना पॅलेस्टाइनला न्यायचं तर सरळ रस्ता इराकमधून, इराकने वाट दिली नाही. मग १९४३ च्या जानेवारीत सातशेच्या वर मुलं इराणच्या बंदरातून बोटीत बसवली, ती बोट डुनेरा, तीच. आणि ती आली कुठे, तर कराचीला. तेव्हा कराची हिंदुस्थानातच. तिथून दुसऱ्या बोटीने सुएझ, मग रेल्वेने सिनाई ओलांडून १८ फेब्रुवारीला पॅलेस्टाइनमधल्या अतलितला पोचली. म्हणजे एकटी ज्यू मुलं आपल्या किनाऱ्याला लागली होती, पण मुक्कामाला नाही, वाटेवर.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे कॅम्पचंही कोणीतरी विचारेलच म्हणून सांगून टाकते, तिथे १९४३ ते ४८ पाचेक हजार पोलिश लोक होते, बायका-मुलंच जास्त, पण ते बहुतेक कॅथलिक. तो वेगळा विषय, वेगळ्या अंकात.

वडिलांनी सांगितलेलं अजून काही आठवत असेल तर लिहून ठेवा दादा. वहीत. व्हॉट्सअॅपवर नको, ते फोन बदलला की जातं.

माझी मुलगी लंडनला नोकरी करते, एका नव्वदीच्या आजींच्या घरात वरची खोली भाड्याने घेतलीय. आजी १९३९ ला पाच वर्षांच्या असताना व्हिएन्नाहून अशाच गाडीने आल्या. जर्मन अजिबात येत नाही म्हणतात, पण अंडी उकळताना मिनिटं मोजतात ती जर्मनमध्ये. आईवडिलांचं पुढे काय झालं, कधी गेले, काही माहीत नाही आणि त्यांनी कधी शोधलंही नाही. आता परवा अचानक मुलीला म्हणाल्या, तू कॉम्प्युटरवर बघशील का? मुलगी मला विचारतेय बघू का, आणि वाईट काही मिळालं तर सांगायचं कसं. — नेरूळ

बघ म्हणावं. त्यांनी स्वतः मागितलंय, पंच्याऐंशी वर्षं थांबून मागितलंय, आता आपण 'त्यांना त्रास होईल' म्हणून टाळणं बरोबर नाही.

कुठे बघायचं ते आधी. जर्मनीत बाड आरोल्सन गावात नाझी काळातल्या कागदपत्रांचा प्रचंड मोठा संग्रह आहे, आरोल्सन आर्काइव्ह्ज, बराचसा ऑनलाइन आहे आणि विचारणा करायला पैसे लागत नाहीत. दुसरं जेरुसलेमचं याद वाशेम, तिथे मारल्या गेलेल्यांची नावं त्यांच्या नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी भरून दिलेल्या फॉर्मवरून गोळा केलीयेत, कदाचित एखाद्या मामाने वा चुलत भावाने कधीचंच भरून ठेवलेलं असेल आणि आजींना पत्ता नसेल. व्हिएन्नातही ऑस्ट्रियन बळींच्या नावांची यादी सांभाळणारं केंद्र आहे. आणि आजी स्वतः इंग्लंडला आल्या त्याची फाइल, कोणी घेतलं, कुठे ठेवलं, ती लंडनच्या वर्ल्ड ज्यूइश रिलीफ या संस्थेकडे असू शकते, मूळ मुलं आणणाऱ्या संस्थेचंच हे आताचं नाव.

आता सांगायचं कसं. मुलीला एक आधीच सांगून ठेवा. या कागदांत बऱ्याचदा मृत्यूची तारीख मिळतच नाही. माणसांना उचलून नेणारी गाडी कधी सुटली, कुठून, कुठे गेली, तिच्यात कितव्या नंबरला हे नाव होतं, हे सगळं मिळतं कारण ती नोंद ठेवणारे फार व्यवस्थित होते. पुढे काय, कोणत्या दिवशी, ते कोरं. आजींना बहुतेक तेवढंच मिळेल.

आमच्याकडे एका काकांचं पान सर्वपित्रीला ठेवतात. मी जन्मायच्या आधी घरातून निघून गेले ते आलेच नाहीत, बरीच वर्षं आजी कोणाला त्यांचं नाव घेऊ द्यायची नाही, आणि मग एका भाद्रपदात तीच म्हणाली, तिथी माहीत नाही त्यांचं अमावास्येला करतात ना, मग करा. ज्यू लोकांत मृत्यूच्या तारखेला दरवर्षी दिवा लावतात, कद्दीश नावाची प्रार्थना म्हणतात. ज्यांची तारीखच नाही अशी लाखो माणसं झाल्यावर इस्रायलच्या मुख्य रब्बींनी त्यांच्या तेवेत महिन्याची दहावी तिथी ठरवून दिली, सगळ्यांसाठी एकच, डिसेंबर-जानेवारीत कधीतरी येते. म्हणजे त्यांचीही सर्वपित्रीच की. आजी धर्म पाळत असतील किंवा नसतील, मुलीने होऊन सुचवायला जाऊ नये, पण त्यांनी तारखेचं विचारलंच आणि तारीख नसली तर असा एक दिवस आहे एवढं तिला माहीत असू दे.

आणि मिळालेलं फोनवर वाचून दाखवू नका म्हणावं. प्रिंट काढायची, मोठ्या अक्षरात, समोर ठेवायची आणि शेजारी बसायचं. आजी म्हणाल्या नंतर बघते, तर नंतर.

शोधताना नुसत्या नाव-आडनावाने शेकडो निघतात, म्हणून वडिलांची जन्मतारीख, व्हिएन्नातल्या गल्लीचं नाव, यातलं जे आठवेल ते घ्यायचं. आईसाठी सगळ्यात उपयोगाचं म्हणजे तिचं माहेरचं आडनाव. ते विचारताना मुलीने आपण लिहून घेऊ नये, उच्चारावरून स्पेलिंग लागत नाही, कागद-पेन आजींच्याच हातात द्यायचं.